रूट कॅनालमधला लेझर : पेशंट नेहमी विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न आमच्या सांगलीतल्या दवाखान्यात रोज येतात. काही खुर्चीवर बसल्या बसल्या विचारले जातात, बरेचसे रात्री दाढ ठणकायला लागल्यावर व्हॉट्सॲपवर येतात. पाट्यांवर आणि जाहिरातींत ‘लेझर रूट कॅनाल’ दिसायला लागल्यापासून त्यांची संख्या वाढली आहे. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रूट कॅनालमध्ये नेमकं काय करतात, आणि लेझर त्यात कुठे येतो?

दाताच्या मध्यभागी एक पोकळी असते आणि तिथून मुळांच्या टोकापर्यंत बारीक नळ्या उतरतात. त्यांत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ भाग असतो, त्याला पल्प म्हणतात. कीड खोल गेली किंवा दात फुटला की जंतू तिथवर पोचतात. पल्प आधी सुजतो, मग मरतो, मग कुजतो.

उपचारात भूल देऊन दात वरून उघडतात आणि नळ्यांची लांबी मोजतात. नंतर बारीक फाईलनी नळ्या घासून रुंद करतात, औषधी द्रावणांनी धुतात, सुकवतात आणि गुट्टापर्चा (रबरासारखा पदार्थ) व सीलर (फटी बुजवणारं लुकण) घालून भरतात. त्यावर पक्कं फिलिंग आणि बहुधा कॅप येते. लेझरचं काम यातल्या धुण्याच्या टप्प्यापुरतं आहे. बाकीचे टप्पे लेझर असो वा नसो, सारखेच.

२. लेझर असल्यावर सुई, ड्रिल, फाईल यातलं काहीच लागत नाही ना?

सगळं लागतं. एर्बियम जातीच्या लेझरने (प्रश्न ५) दात कोरता येतो हे खरं आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला दाताच्या कठीण भागासाठी परवानगीही मिळाली. पण वाकड्या, केसाएवढ्या नळीला शेवटपर्यंत आकार देण्याचं काम आजही फाईलच करते. ‘बिनसुईचं, बिनड्रिलचं रूट कॅनाल’ असं कोणी सांगितलं तर नळीची लांबी कशी मोजणार आणि ती भरणार कशी, एवढं विचारून बघा.

३. नस काढून टाकली की झालं. एवढं धुवायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बाकीच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर यातच आहे.

१९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. साध्या उंदरांचे आणि पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे दात पल्पपर्यंत उघडून तसेच ठेवले. साध्या उंदरांत पल्प कुजला आणि मुळाशी गळू झालं. जंतुविरहित उंदरांत मात्र दातात अन्न अडकूनही पल्प जिवंत राहिला, इतकंच नाही तर उघड्या जागेवर नवीन डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाचा, थर चढला. दुखणं आणि पू यांच्या मुळाशी जंतू आहेत, हे त्यातून स्पष्ट झालं. तेव्हा रूट कॅनालचा खरा उद्देश जंतूंचा निचरा हा आहे. नस काढणं ही त्यातली सुरुवात.

अडचण अशी की नळी कधीच सरळ, गोल नसते. खालच्या पहिल्या दाढेत पुढच्या मुळाच्या दोन नळ्यांना जोडणारी पातळ फट असते. खालच्या दुसऱ्या दाढेत काही वेळा नळीचा आडवा छेद इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा निघतो. मुळाच्या टोकाशी बाजूला फुटणाऱ्या उपनळ्या असतात. फाईल गोल फिरते, त्यामुळे असल्या फटीत ती जातच नाही. नळ्यांचं मायक्रो-सीटी स्कॅन करून पाहिलं तेव्हा भिंतींचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, फाईलच्या स्पर्शाशिवाय राहिलेला दिसला.

त्यात भर म्हणजे भिंतीच एक ते अडीच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या असंख्य सूक्ष्म नलिकांनी भरलेल्या असतात, आणि जंतू त्यांत शिरून बसतात. एंटरोकॉकस फीकॅलिस नावाचा जंतू तर जुन्या, फसलेल्या रूट कॅनालमध्ये वारंवार सापडतो. उपासमार सोसून टिकून राहण्यात तो पक्का आहे. वर फाईलने घासल्यामुळे भिंतीवर भुशाचा एक लेप चढतो, त्याला स्मिअर लेयर म्हणतात. तो नलिकांची तोंडं बुजवतो.

म्हणून दोन द्रावणं लागतात. सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारतं आणि कुजलेला मऊ भाग विरघळवतं. पहिल्या महायुद्धात डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने जखमा धुवायला वापरलेल्या द्रावणाची ही जास्त तीव्र आवृत्ती. दुसरं द्रावण १७ टक्के ईडीटीए, ते स्मिअर लेयर काढतं. पण सिरिंजने सोडलेलं द्रावण सुईच्या टोकापुढे फारसं जात नाही आणि मुळाच्या शेंड्याशी हवेचा बुडबुडा अडकून बसतो. अरुंद तोंडाच्या तेलाच्या बाटलीत साबणाचं पाणी नुसतं ओतून ती साफ होत नाही, खळखळवावी लागते. नळीतलं द्रावणही असंच खळखळवावं लागतं, आणि लेझर त्यासाठी आहे.

४. मग लेझर नळीत जंतू जाळतो का?

एर्बियम लेझर जाळत नाही. त्याची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर असते, आणि या तरंगलांबीचा प्रकाश पाणी फार जोरात शोषून घेतं. दाताच्या वरच्या पोकळीत द्रावण भरून त्यात लेझरचं टोक बुडवलं की प्रत्येक स्पंदाला, म्हणजे प्रकाशाच्या ठोक्याला, टोकाशी वाफेचा सूक्ष्म बुडबुडा फुगतो आणि लगेच कोसळतो. त्याचा दाब द्रावणातून नळीभर पसरतो आणि द्रावण फटींत, उपनळ्यांत वेगाने घुसतं. स्पंद साधारण ५० मायक्रोसेकंदांचा असतो. पिप्स नावाच्या पद्धतीत एका स्पंदाची ऊर्जा २० मिलिज्यूल, सेकंदाला १५ स्पंद, म्हणजे सरासरी ताकद फक्त ०.३ वॅट. स्वीप्स ही तिच्या पुढची पद्धत. तिच्यात दोन स्पंद एकामागोमाग असे सोडतात की पहिला बुडबुडा कोसळताना दुसरा फुगतो आणि झटका वाढतो.

इथे टोक मुळात खाली घालावंच लागत नाही, वरच ठेवतात. त्यामुळे नळी उगाच फार रुंद करावी लागत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या नळीत लेझर सुरू केला की काही सेकंदांत वरचं द्रावण गढूळ होतं, भुशाचे कण तरंगायला लागतात. सक्शनने ते ओढायचं, ताजं द्रावण भरायचं, पुन्हा लेझर. द्रावण गढूळ व्हायचं थांबेपर्यंत हे चालतं. खुर्चीशेजारी उभं राहून बघण्यासारखी गोष्ट आहे, पण चष्म्याशिवाय नाही (प्रश्न ११).

जंतू मारायचं काम मुख्यतः द्रावणच करतं, लेझर त्याला पोचवतो. नुसत्या पाण्यात लेझर चालवून ‘निर्जंतुक केलं’ म्हणणं खरं नाही.

५. एका दवाखान्यात ‘डायोड’ सांगितला, दुसरीकडे ‘एर्बियम’. फरक काय?

फरक बराच आहे, आणि जाहिरातीत तो सांगितला जात नाही.

डायोड लेझर साधारण ८१०, ९४० किंवा ९८० नॅनोमीटरचा असतो. मशीन लहान, स्वस्त आणि मुख्यतः हिरडीच्या कामाला उत्तम. पाणी त्याचा प्रकाश एर्बियमच्या मानाने फारच कमी शोषतं, त्यामुळे प्रश्न ४ मध्ये सांगितलेला झटका त्याच्याने तसा बसत नाही. तो वापरायचा तर केसासारखा फायबर मुळाच्या टोकाजवळपर्यंत घालून गोल फिरवत वर आणावा लागतो. त्याचा परिणाम उष्णतेचा असतो. प्रकाश भिंतीत खोल जातो ही त्याची जमेची बाजू. एकाच जागी थांबला तर भिंत करपते, ही पडती बाजू. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर साधारण याच पंगतीतला.

एर्बियमचे दोन प्रकार आहेत, एर्बियम-याग आणि २७८० नॅनोमीटरचा एर्बियम-क्रोमियम. दोन्ही पाण्यावर काम करतात. नळ्या धुण्यासाठी आमचा कौल एर्बियमला आहे. डायोड निरुपयोगी आहे असं नाही, पण ‘लेझर आहे’ एवढ्या एका वाक्यात दोन्ही बसवणं पेशंटची दिशाभूल आहे.

६. लेझर चालू असताना दुखतं का?

नाही. दात आधीच बधिर केलेला असतो. टकटक असा आवाज येतो आणि दातात बारीक ठोके जाणवतात. स्विमिंग पूलसारखा वास येतो तो हायपोक्लोराइटचा. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठसठसू शकतं, तेही लेझर न वापरता होतं तसंच.

एक अपवाद सांगायला हवा. रात्रभर ठणकणारी खालची दाढ असेल तर नेहमीची भूल अर्धवट लागते. हे सुजलेल्या पल्पमुळे होतं. अशा वेळी जादा इंजेक्शनं द्यावी लागतात. लेझर त्यावर उपाय नाही.

७. द्राक्षाचा हंगाम सुरू आहे, सारखं सांगलीला यायला जमणार नाही. लेझरने एकाच बैठकीत होईल का?

तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसकडून जानेवारी ते मार्च हा प्रश्न हमखास येतो. बागेत माल तयार असताना दाढेसाठी चार फेऱ्या कोण मारणार!

एका बैठकीत होणं हे दाताच्या अवस्थेवर ठरतं. पल्प जिवंत पण सुजलेला असेल, नळ्या सापडत असतील आणि वेळ असेल, तर लेझर नसतानाही एका बैठकीत संपतं. मुळातून पू वाहतो आहे आणि नळी कोरडीच होत नाही, अशा वेळी लेझर असला तरी मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून थांबावं लागतं. लेझरमुळे फेऱ्या कमी होतीलच असं कबूल करून पैसे घेणं बरोबर नाही. फोनवर आधी एक्स-रेचा फोटो पाठवलात तर निदान अंदाज देता येतो. कॅपची फेरी वेगळी धरा.

८. लेझर केलं की दात जास्त वर्षं टिकतो, असं सिद्ध झालंय का?

प्रयोगशाळेत, काढलेल्या दातांवर, फरक ठळक दिसतो. लेझरने खळखळवलेल्या द्रावणाने भुसा, जुनं औषध आणि जंतू नुसत्या सिरिंजपेक्षा जास्त निघतात. माणसांवरच्या अभ्यासांत चित्र इतकं स्वच्छ नाही. उपचारानंतरचं दुखणं थोडं कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलं. पण काही वर्षांनी मुळाशी हाड भरून येण्याच्या बाबतीत लेझरवाले दात नेहमीच पुढे असतात, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. एक कारण असं की नीट केलेलं साधं रूट कॅनालही बहुतांश वेळा यशस्वी होतं. मग उरलेल्या थोड्या जागेत फरक दाखवायला फार मोठे अभ्यास लागतात.

म्हणून आमचं मत : सरळ नळ्यांच्या पुढच्या दाताला लेझर केला नाही तरी काही बिघडत नाही. फटी असलेली दाढ, मुळाशी मोठं गळू, किंवा दुसऱ्यांदा करायचं रूट कॅनाल असेल तर उपयोग जास्त (प्रश्न १५).

९. खर्च किती वाढतो? विम्यातून मिळतो का?

डायोडचं मशीन काही लाखांत येतं, एर्बियमचं त्याच्या कितीतरी पट. टोकं झिजतात, ती बदलावी लागतात. त्यामुळे एर्बियम वापरणारा दवाखाना जादा आकार लावतो, आणि तो शहराप्रमाणे, दाताप्रमाणे बदलतो. बिलात रूट कॅनाल, लेझर आणि कॅप हे तीन आकडे वेगळे लिहून मागा. संकोच करू नका.

आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचे उपचार बसत नाहीत. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचं कलम असेल तर एजंटला आधी विचारून घ्या.

पैशांची ओढाताण असेल तर लेझर सोडा, पण रूट कॅनाल आणि कॅप सोडू नका. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील आणि कराडजवळ मलकापूरला कृष्णा, अशी डेंटल कॉलेजं आहेत. तिथे फेऱ्या जास्त होतात, वेळ लागतो, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं आणि खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो.

१०. आमच्या डॉक्टरांकडे लेझर नाही. त्यांनी केलेलं कच्चं राहील का?

अजिबात नाही. द्रावण खळखळवायला अल्ट्रासॉनिक टोक असतं, सॉनिक हँडपीस असतो, काहीच नसेल तर गुट्टापर्चाची काडी वरखाली हलवूनही बराच फरक पडतो. रबर डॅम लावून, भरपूर हायपोक्लोराइट वापरून, सावकाश केलेलं लेझरविना काम हे रबर डॅमशिवाय घाईत केलेल्या लेझरच्या कामापेक्षा आम्ही कधीही वर धरू. रबर डॅम म्हणजे दाताभोवती ताणून बसवलेला रबराचा पातळ पडदा. तो नसेल तर थुंकी नळीत जात राहते आणि एवढ्या धुण्याचा अर्थच उरत नाही.

११. लेझर म्हणजे रेडिएशन ना? दात किंवा हाड भाजणार नाही?

लेझरचा प्रकाश एक्स-रेच्या जातीचा नाही. तो इन्फ्रारेड आहे, पेशींतल्या जनुकांना धक्का लावत नाही, त्यामुळे कॅन्सरची भीती नको.

उष्णतेची शंका मात्र रास्त आहे. १९८३ मध्ये एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांवर केलेल्या प्रयोगांत ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलेल्या हाडाला इजा झालेली दिसली. म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा जेमतेम १० अंश जास्त. द्रावणात आणि कमी ताकदीवर चालवलेल्या एर्बियमने मुळाचं बाहेरचं तापमान तिथवर जात नाही. डायोड आणि एनडी-यागच्या बाबतीत फायबर सतत हलता ठेवणं आणि मध्ये थांबणं गरजेचं असतं, म्हणून प्रशिक्षण महत्त्वाचं.

जास्त धोका डोळ्यांना आहे. एर्बियमचा प्रकाश बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा करतो, डायोडचा थेट आत रेटिनापर्यंत जातो. त्यामुळे डॉक्टर, सहायक, पेशंट आणि सोबत आलेले पाहुणे, सगळ्यांना चष्मा हवा, तोही त्याच तरंगलांबीचा. एकाचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही, आणि उन्हाचा गॉगल तर मुळीच नाही. चष्मा न देता कोणी लेझर सुरू केला तर हात वर करून थांबवा.

१२. आईला शुगर आहे, बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. वडिलांना पेसमेकर आहे. चालेल का?

चालतं. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, साध्या रूट कॅनालसाठी ती थांबवावी लागत नाही. शुगर ताब्यात नसेल तर मुळाशी हाड भरायला वेळ लागतो, म्हणून अलीकडचा रिपोर्ट आणा. सकाळी नाश्ता आणि गोळी घेऊनच या. उपाशी आलेले शुगरचे पेशंट खुर्चीवर घामाघूम होतात.

पेसमेकरला लेझरच्या प्रकाशाचा त्रास नाही, पण इतर काही यंत्रांमुळे होऊ शकतो. तेव्हा सुरुवातीलाच सांगा आणि पेसमेकरचं कार्ड आणा.

हाडं ठिसूळ होण्यावर किंवा कॅन्सरसाठी हाडांचं इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगायचं. अशा पेशंटचा दात काढल्यावर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो, म्हणून शक्य तिथे रूट कॅनाल करून दात ठेवण्याकडेच कल असतो.

१३. पाचवा महिना चालू आहे. लेझर चालेल?

चालेल. चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण ठणकत असेल तर कुठल्याही महिन्यात उपचार करता येतात. सहन करत राहणं आणि मनाने वेदनाशामक गोळ्या खाणं जास्त वाईट. लेझरचा परिणाम दातापुरताच असतो.

१४. मुलगा आठ वर्षांचा आहे, खेळताना पडून पुढचा पक्का दात मोडला. लेझरने रूट कॅनाल करू का?

इथे थांबा. वरचा पुढचा दात सात-आठ वर्षांच्या सुमाराला येतो, पण त्याच्या मुळाचं टोक बंद व्हायला पुढे साधारण तीन वर्षं जातात. तोवर मूळ खाली उघडंच असतं. उघड्या टोकातून जोरात खळखळणारं हायपोक्लोराइट बाहेर गेलं तर चेहऱ्यावर काही मिनिटांत सूज, तीव्र कळ, पुढे काळंनिळं होणं असा प्रकार होतो. म्हणून अशा दाताला लेझर वापरायचा की नाही, किती ताकदीवर आणि किती सौम्य द्रावणात, हे अनुभवी हातानेच ठरवावं.

मुळात आधी पल्प वाचवता येतो का ते पाहायचं. ताजा मार असेल तर बऱ्याचदा वाचतो आणि मूळ पुढे वाढतं. मोडलेला तुकडा सापडला तर दुधात किंवा पाण्यात घालून आणा. अख्खा दातच मुळासकट निघाला असेल तर तो दुधात ठेवून तासाभरात पोचा, तिथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे.

दुधाच्या दाढांची गोष्ट निराळी. त्यांची मुळं पुढे झिजून जायची असतात आणि खाली पक्क्या दाताचा कोंब असतो. नळ्यांत विरघळणारं औषध भरतात, धुणंही सौम्य ठेवतात. त्यासाठी लेझरचा हट्ट धरू नका.

१५. दहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालेली दाढ पुन्हा दुखतीय. वरून लेझर मारून बरी होईल का?

वरून मारून नाही. आधी कॅप आणि जुनं गुट्टापर्चा काढावं लागतं, कारण जंतू त्याच्या आड असतात. मग पहायचं की आधी एखादी नळी सुटली होती का. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या-बाहेरच्या मुळात बहुतेक वेळा दुसरी नळी असते, आणि ती सुटण्याचं प्रमाण मोठं आहे. ती मायक्रोस्कोपने किंवा सीबीसीटी (जबड्याचं त्रिमिती) स्कॅनने शोधायची असते. लेझर नळी शोधून देत नाही.

नळ्या मोकळ्या झाल्यावर मात्र लेझरची खरी मदत होते. भिंतींना चिकटलेले जुन्या सीलरचे अवशेष आणि प्रश्न ३ मधले चिवट जंतू काढायला जोरदार खळखळ लागते. आमच्या मते लेझरवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत.

१६. नळी बंद आहे, आत फाईल तुटली आहे, दात तडकला आहे. लेझरने सुटेल?

तिन्हींची उत्तरं वेगळी. कॅल्शियम साचून बुजलेली नळी लेझरने उघडत नाही, त्याला मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक टोकं आणि सबुरी लागते. तुटलेली फाईल लेझरने वितळवायची नसते. तुकडा टोकाशी असेल आणि तोवरची नळी स्वच्छ झाली असेल तर तो तसाच ठेवूनही दात वर्षानुवर्षं टिकतो, आणि तुकड्याच्या बाजूने द्रावण पुढे ढकलायला लेझर उपयोगी पडू शकतो. मूळ उभं तडकलं असेल तर कुठलाही लेझर ते जोडत नाही. तो दात, किंवा दाढ असेल तर निदान ते मूळ, काढावंच लागतं.

१७. गालाला सूज आली आहे. गोळ्या घेऊन सूज उतरल्यावर लेझरला येऊ का?

उलट करा, आधी या. दात उघडून पू काढला की आराम पडतो. नुसत्या अँटिबायोटिकने सूज बसते, पण दातातला साठा तिथेच राहतो आणि परत उफाळतो. सूज नाही, ताप नाही, फक्त ठणका असेल तर अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. मेडिकलमधून आपल्या आपण पाच गोळ्यांची पट्टी घेणं बंद करा.

तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतो, सूज हनुवटीखाली किंवा डोळ्याकडे सरकतीय, ताप आहे, यांपैकी काहीही असेल तर दवाखाना सोडून सरळ मोठ्या रुग्णालयात जा. रात्र असली तरी.

१८. लाल प्रकाश आणि निळं औषध टाकून जंतू मारतात म्हणे. तोही लेझरच का?

हो, पण पद्धत वेगळी. नळीत मेथिलीन ब्लूसारखा रंग सोडतात, तो जंतूंना चिकटतो, आणि साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पडला की ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप तयार होऊन जंतू मरतात. यात उष्णता नाही, खळखळही नाही. नेहमीच्या धुण्यानंतर जोड म्हणून वापरतात. रंग नीट धुतला नाही तर दात निळसर दिसू शकतो, म्हणून पुढच्या दातांत जपून.

१९. एवढं लेझर केल्यावर पुन्हा कॅप कशाला?

दाढ आतून पोखरलेली असते. लेझर दात स्वच्छ करतो, मजबूत करत नाही. कॅप टाळून भडंगातला कडक शेंगदाणा किंवा उसाचं कांडं त्याच दाढेखाली घेतलं की दाढ उभी चिरते आणि मग प्रश्न १६ मधलं शेवटचं उत्तर लागू होतं. शिवाय वरचं फिलिंग गळकं राहिलं तर तोंडातले जंतू पुन्हा आत उतरतात. पुढचे दात बरेचसे शाबूत असतील तर कधी कधी नुसतं फिलिंग पुरतं.

मिश्री लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. रूट कॅनाल झालेल्या दाताला कीड लागली तर दुखून कळत नाही, कारण आत नसच नसते. मिश्रीच्या काळ्या थराखाली कॅपच्या कडेची कीड आम्हालाही उशिरा दिसते. मिश्री सोडा, निदान ठरल्या वेळी तपासणीला या.

२०. डॉक्टरांना नेमकं काय विचारू? राग तर नाही येणार?

यायला नको. लेझर कुठला आहे, डायोड की एर्बियम? माझ्या या दातात त्याचा काय फायदा? रबर डॅम लावणार का? नळ्या किती सापडल्या, आणि भरल्यानंतरचा एक्स-रे मला मिळेल का? डॉक्टर बीडीएस आहेत की एंडोडोन्टिक्स या रूट कॅनालच्या खास शाखेतले एमडीएस, हे विचारायलाही हरकत नाही. दोघंही रूट कॅनाल करतात, अवघड दाढ असेल तर एमडीएसकडे पाठवलं जाणं चांगलं. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. मशीनच्या नावापेक्षा ‘माझ्या या दातात त्याचा काय फायदा’ याच्या उत्तरावरून जास्त कळतं.

२१. लेझर करून वर्ष झालं. दुखत नाही, पण एक्स-रेमध्ये मुळाशी काळा डाग अजून आहे. फसवलं का?

लगेच तसं समजू नका. तो डाग म्हणजे विरघळलेलं हाड. ते भरायला महिने जातात, मोठं गळू असेल तर वर्षं. पहिला एक्स-रे वर्षाने काढतात आणि डाग लहान होत असेल तर चार वर्षांपर्यंत वाट पाहतात. काही वेळा हाडाऐवजी व्रणासारखी ऊती भरते आणि डाग लहान होऊन तिथेच थांबतो, त्याला काही करावं लागत नाही.

डाग वाढतोय, हिरडीवर पुटकुळी येऊन पू येतोय किंवा चावताना दुखतंय, असं असेल तर प्रश्न १५ आणि १६ वाचा आणि एंडोडोन्टिस्टला दाखवा. जाताना उपचाराच्या आधीचा, भरल्यानंतरचा आणि आत्ताचा असे तिन्ही एक्स-रे न्या. मोबाईलवरचे फोटो चालतील, पण फिल्म उजेडासमोर धरून, सरळ काढलेले हवेत.